घासलेली भांडी आणि पडद्यावरची गरिबी

गेल्या उन्हाळ्यात आमच्या कुर्ल्याच्या गल्लीत चित्रपटाचे एक युनिट आले होते. चित्रपट 'सामाजिक' होता, 'वास्तववादी' होता, असे त्या मंडळींनीच सांगितले. चित्रीकरणासाठी त्यांनी काकूची खोली पसंत केली. दोन दिवसांचे भाडे ठरले. माणसे घरात येणार म्हणून काकूने आदल्या रात्री मांडणीवरचे सगळे डबे उतरवले, पितळी भांड्यांना चिंच लावली, स्टीलचे डबे राखेने घासून उतरत्या क्रमाने पुन्हा लावले. सकाळी युनिटमधला एक तरुण आला. त्याने मांडणीकडे पाहिले आणि म्हणाला, "मावशी, हे जरा जास्तच चकाचक दिसतंय. काढावं लागेल." मग भंगारवाल्याकडून चेपलेली जर्मनची पातेली आली, भिंतीवर काजळी फासली गेली, आणि गणपतीच्या तसबिरीला घातलेला ताजा हार काढून तिथे वाळलेला हार आला. काकू दारात उभी राहून हे सारे पाहत होती. शेवटी ती एवढेच म्हणाली, "खोली माझी घेतली, पण घर मात्र दुसऱ्याचंच मांडलं गं!"

काकूचे हे वाक्य माझ्या डोक्यातून गेले नाही. या लेखाचा प्रपंच त्या वाक्यासाठीच आहे.

आपल्या महाविद्यालयात वास्तववादी चित्रपटांविषयी मोठ्या आदराने बोलले जाते, आणि ते योग्यच आहे. गल्लाभरू चित्रपटांच्या रगाड्यात ज्यांनी माणसांची खरी दुःखे दाखवली, त्यांचे ऋण आपण मानलेच पाहिजे. परंतु हा आदर व्यक्त करताना आपण एक गोष्ट गृहीत धरतो. तमाशाला संकेत असतात, संगीत नाटकाला संकेत असतात, हिंदी चित्रपटातल्या झाडांभोवतीच्या गाण्यांना संकेत असतात. वास्तववादाला मात्र संकेत नसतात, तो म्हणजे जीवनाचे थेट दर्शन, असे आपण समजतो. माझे म्हणणे याच्या उलट आहे. वास्तववाद हीदेखील संकेतांची एक भाषा आहे, आणि ती भाषा आहे हे विसरले की काकूची घासलेली भांडी 'खोटी' ठरतात आणि भंगारातली पातेली 'खरी' ठरतात.

ही भाषा घडली कशी, हे पाहायचे तर इंग्लंडकडे वळावे लागते, कारण तिथे ती टप्प्याटप्प्याने घडलेली स्पष्ट दिसते. १९२९ साली जॉन ग्रिअर्सन यांनी 'ड्रिफ्टर्स' या अनुबोधपटात हेरिंग मासे पकडणारे कोळी आणि त्यांचे कष्ट पडद्यावर आणले. १९३५ साली 'हाउसिंग प्रॉब्लेम्स' नावाचा छोटा अनुबोधपट निघाला. त्यात लंडनच्या गलिच्छ वस्तीतली माणसे कॅमेऱ्याकडे पाहून आपल्या घरातले उंदीर, ओल आणि ढेकूण यांविषयी स्वतःच्या तोंडाने बोलली. तोवर इंग्रजी चित्रपटात कामगार असायचा तो बहुधा हसवण्यापुरता. त्यामुळे ही क्रांतीच होती. मात्र या अनुबोधपटाला पैसा पुरवला होता तिथल्या गॅस उद्योगाने; जुनी घरे पडून नवी उभी राहिली की त्यात गॅसच्या शेगड्या येणार होत्या. दुःख खरे होते, बोलणारी माणसे खरी होती, आणि तरीही ते दुःख कोणी, कशासाठी टिपले हा प्रश्न उरतोच.

पुढे १९५६ साली लंडनमध्ये लिंडसे अँडरसन, कॅरल राइझ, टोनी रिचर्डसन या तरुणांनी 'फ्री सिनेमा' या नावाने आपले लघुपट दाखवले, आणि काही वर्षांतच त्यांनी उत्तर इंग्लंडच्या कारखान्यांच्या गावांत जाऊन कथापट काढले. राइझ यांचा १९६०चा 'सॅटर्डे नाइट अँड संडे मॉर्निंग' हा त्यांतला गाजलेला. त्यात नॉटिंगहॅमच्या सायकल कारखान्यात लेथवर काम करणारा आर्थर सीटन आहे. चित्रपटाची सुरुवातच तो यंत्रावर पूर्ण झालेले नग मोजत असतो तिथून होते. या चित्रपटांनी काही गोष्टी रूढ केल्या: स्टुडिओऐवजी खऱ्या गल्ल्या, प्रमाण भाषेऐवजी तिथली बोली, प्रसिद्ध नटांऐवजी अपरिचित चेहरे, रंगांऐवजी काळे-पांढरे चित्रण, आणि शेवटी सुटका नसलेला शेवट. आणखी एक दृश्य जवळजवळ प्रत्येक चित्रपटात येई: नायक गावाबाहेरच्या टेकडीवर जातो आणि खाली धुराड्यांचे, कौलांचे गाव पसरलेले दिसते. ते इतके वारंवार आले, की तिथल्या समीक्षकांनी पुढे त्या 'टेकडीवरच्या दृश्या'ची थट्टाही केली.

या थट्टेत एक गंभीर मुद्दा दडलेला आहे. गल्लीत राहणारा माणूस आपली गल्ली टेकडीवरून पाहत नाही. तो ती नळावरून पाहतो, जिन्यावरून पाहतो, पाळीवर जाताना पाहतो. टेकडीवरून गाव पाहतो तो बाहेरून आलेला, किंवा गाव सोडून जाऊ इच्छिणारा. म्हणजे दृश्य खऱ्या गावाचे असले, तरी डोळा गावाचा नसतो.

आता आपल्याकडे येऊ. मराठी माणसाला हा वास्तववाद इंग्लंडने शिकवला असे मुळीच नाही. बाबूराव पेंटर यांचा कोल्हापुरात तयार झालेला मूकपट 'सावकारी पाश' १९२५ सालचा, म्हणजे ग्रिअर्सन यांच्या पहिल्या अनुबोधपटाच्याही आधीचा. सावकाराच्या कागदापायी जमीन गमावलेला शेतकरी शहरात येतो आणि गिरणी कामगार होतो, ही त्याची कथा. तरुण शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम यांनी केली होती. आमच्या आजोबांची पिढी याच वाटेने मुंबईत आली. जमशेटजी टाटांनी १८८६ साली कुर्ल्याची धरमसी मिल विकत घेऊन तिला 'स्वदेशी' हे नाव दिले. त्या गिरणीत आजोबा साचेवाले होते. तेव्हा 'सावकारी पाश'चा शेवट जिथे होतो, तिथून आमच्या घराची कथा सुरू होते, असे म्हणायला हरकत नाही.

पण मुंबईच्या वस्तीला चित्रपटात जे रूप मिळाले ते मुख्यतः १९७० नंतरच्या समांतर चित्रपटाने दिले. १९६८ साली मुंबईत 'प्रभात चित्र मंडळ' स्थापन झाले, फिल्म सोसायट्यांतून जगाचे चित्रपट पाहणारा प्रेक्षक तयार झाला, आणि त्याच सुमारास साहित्यातही नवे जग येत होते. जयवंत दळवींची 'चक्र' ही झोपडपट्टीवरची कादंबरी १९६३ची, बाबूराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा संग्रह त्याच वर्षीचा, नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' १९७२चा. 'चक्र'वर रवींद्र धर्मराज यांनी १९८१ साली हिंदी चित्रपट काढला. स्मिता पाटील यांनी त्यात जे काम केले त्याबद्दल त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि तो मिळायलाच हवा होता. मात्र चित्रपटाची जाहिरात करताना भिंतींवर जे चित्र लागले, ते झोपडीतल्या बाईच्या उघड्यावरच्या आंघोळीचे. तिच्या सबंध आयुष्यातून विकण्याजोगी तेवढीच गोष्ट निघाली! वास्तववादाचा संकेत बाजारात गेला की त्याचे काय होते, याचे दुसरे उदाहरण द्यायची गरज नाही.

आपल्याकडेही ते 'टेकडीवरचे दृश्य' आले आहे. मुंबईत टेकडी सापडली नाही तर हेलिकॉप्टर, आणि आता ड्रोन. पत्र्यांचा समुद्र, त्यावर निळी ताडपत्री, मागे उंच इमारती, आणि नेमके त्याच क्षणी पत्र्यांवरून खाली उतरणारे विमान. डॅनी बॉइल यांच्या २००८ सालच्या ब्रिटिश 'स्लमडॉग मिलिअनेअर'मध्ये मुलांच्या पाठलागाच्या दृश्यात कॅमेरा असाच वर वर जातो आणि पत्र्यांची गोधडी होते. कुर्ल्याच्या पश्चिमेला विमानतळाच्या भिंतीलगत ज्या वस्त्या आहेत, त्यांचे असे छायाचित्र वर्तमानपत्रांतही आपण अनेकदा पाहिले असेल. ते खोटे नाही. विमाने खरोखरच तशी जातात. पण तिथे राहणारी माझी मैत्रीण म्हणते, "विमान आलं की आम्ही बोलणं अर्धं थांबवतो, ते गेलं की पुढचं वाक्य बोलतो." छायाचित्रात विमान आहे, ते अर्धे थांबलेले वाक्य नाही.

या संकेतांत काय दिसते, यापेक्षा काय गळते याचा हिशेब मांडला पाहिजे. पहिली गोष्ट गळते ती काम. आर्थर सीटन निदान लेथवर दिसला. आपल्या चित्रपटात गरीब माणूस बहुधा कामावरून परत आलेला, किंवा काम गेलेला असतो. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली प्रीमियर पद्मिनी ही काळी-पिवळी टॅक्सी मुंबईवरच्या किती चित्रपटांत धावली असेल! मुंबई दाखवायची म्हणजे ती टॅक्सी दाखवायची, असा दंडकच होता. २०२३ साली ती रस्त्यावरून कायमची गेली तेव्हा सर्वांनी हळहळ व्यक्त केली. पण ती ज्यांनी जोडली, रंगवली, तपासली त्यांची पाळी, त्यांचे डबे, त्यांचे हात कितीशा चित्रपटांत आले? माझे वडील सीएसटी रोडवर गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात काम करतात. नुसत्या आवाजावरून इंजिनाचा दोष सांगतात. ही विद्या आहे. पडद्यावर मात्र काळे झालेले हात हे विद्येचे नव्हे, दैन्याचे चिन्ह ठरते.

दुसरी गळते ती स्वच्छता, नीटनेटकेपणा, हौस. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे राहतात म्हणूनच तिथे प्रत्येक वस्तूला जागा ठरलेली असते. मांडणीवरची लख्ख भांडी हे वस्तीतल्या बाईचे सार्वजनिक विधान असते. तिसरी गळते ती विनोदबुद्धी. आणि चौथी, सर्वांत महत्त्वाची, म्हणजे विचार. १८ जानेवारी १९८२ पासून दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी संप केला. तो संप करावा की नाही, चालू ठेवावा की नाही, यावर घराघरांत वाद झाले. आजी अजून सांगते, की आजोबा आणि त्यांचा सख्खा भाऊ यावरून वर्षभर एकमेकांशी बोलले नाहीत. वाद घालणारा, चुकणारा, मत बदलणारा गरीब माणूस पडद्यावर क्वचितच येतो. तो सोसतो, किंवा पेटतो. मधली सारी जागा, जिथे माणूस विचार करतो, ती मोकळीच राहते.

इथपर्यंत मी दुसऱ्यांना दोष दिला. आता माझ्याविषयी.

दोन वर्षांपूर्वी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी मी एकांकिका लिहिली. विषय आमच्याच वस्तीचा. त्यात दारुडा बाप होता, खोकणारी आजी होती, शिक्षण सुटलेली मुलगी होती आणि शेवटी विझणारा दिवा होता. परीक्षकांनी 'जळजळीत वास्तव' म्हणून गौरव केला. लेखनाचे दुसरे पारितोषिक मिळाले. प्रयोगाला आई आली होती, इस्त्रीची साडी नेसून तिसऱ्या रांगेत बसली होती. परतताना कुर्ला स्टेशनच्या पुलावर गर्दीत तिने मला विचारले, "तुझे बाबा कधी गं प्यायले?"

मी काहीतरी उत्तर दिले. ते नाटक आहे, ते आपले घर नव्हे, असे काहीसे. पण खरे उत्तर मला ठाऊक होते. आमचे घर जसे आहे तसे लिहिले असते, तर ते कोणाला पुरेसे 'खरे' वाटले नसते, या भीतीने मी मांडणी उतरवली होती आणि भंगारातली पातेली आणली होती. ते युनिट बाहेरून आले होते. मी तर आतलीच होते. संकेतांची ताकद ही अशी असते. ज्याच्यावर ते लादले जातात तोही त्यांतूनच स्वतःकडे पाहू लागतो.

यावर आमच्या एका प्राध्यापकांनी घेतलेला आक्षेप मला प्रामाणिकपणे नोंदवला पाहिजे. ते म्हणाले, "कला निवड करणारच. दारू, उपासमार, आजार हे वस्तीत नाहीतच असं तुला म्हणायचंय का? आणि लोकांना धक्का बसला नाही तर व्यवस्था हलते कशी?" आक्षेप वजनदार आहे. केन लोच यांचे 'कॅथी कम होम' १९६६ साली बीबीसीवरून प्रसारित झाले, तेव्हा घर गमावलेल्या तरुण आईची मुले तिच्याकडून काढून घेतली जातात हे पाहून सारा देश हादरला आणि बेघरांच्या प्रश्नावर मोठी चर्चा झाली. त्या चित्रणाला कोणी 'संकेत' म्हणून झटकून टाकले असते, तर ते पाप झाले असते. आमच्या वस्तीत दारूने उद्ध्वस्त झालेली घरे आहेत. ती लपवून 'आम्ही किती नीटनेटके' असे चित्र रंगवणे हाही खोटेपणाच होईल, फक्त उलट बाजूचा.

माझे म्हणणे निवड करू नका असे नाही. निवड कशावरून केली हे तपासा, एवढेच आहे. 'कॅथी'मध्ये लोच यांनी एका कुटुंबाची घसरण पायरीपायरीने दाखवली: अपघात, गेलेली नोकरी, भाडे, नोटीस, कार्यालय, निवारा. प्रत्येक पायरीला कारण होते आणि त्या कारणाला जबाबदार असलेला नियम होता. माझ्या एकांकिकेत कारण कुठेच नव्हते. बाप का पितो, मुलीची शाळा का सुटली, हे मी शोधलेच नाही. वस्ती म्हटली की हे असतेच, असे मी धरले. वास्तव दाखवणे आणि वास्तवाची खूण दाखवणे यांतला फरक तो हाच.

हा फरक ओळखणारी कलाकृती आपल्याजवळ आहे, ही समाधानाची गोष्ट. आनंद पटवर्धन यांच्या १९८५च्या 'हमारा शहर'मध्ये झोपडी पाडली गेलेली एक बाई चित्रीकरण करणाऱ्यांनाच झापते: गरिबांचे फोटो काढून तुम्ही नाव कमावणार, आमचे काय होणार, अशा अर्थाचे ती बोलते. दिग्दर्शकाने ते कापले नाही. चित्रपटाने स्वतःवरचा आरोप स्वतःच्या पोटात ठेवला. याच चित्रपटात गायलेले लोकशाहीर विलास घोगरे पुढे ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात गोळीबार होऊन दहा माणसे मेल्यावर व्यथित झाले आणि त्यांनी आत्महत्या केली. त्यांच्यापासून सुरू होणारा 'जय भीम कॉम्रेड' पटवर्धनांनी चौदा वर्षे चित्रित केला आणि २०११ साली पूर्ण केला. त्यातली माणसे रडतात, तशी गातात, हसतात, भांडतात, आपल्या नेत्यांची चिरफाड करतात. रमाबाई नगर आमच्या घरापासून फार दूर नाही. त्या चित्रपटात मला प्रथमच शेजारची माणसे भेटली.

चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'मध्ये (२०१४) मृत गटार कामगाराची बायको साक्ष देते. ती आक्रोश करीत नाही. नवरा गटारात उतरण्याआधी दगड टाकून झुरळे बाहेर येतात का ते पाहायचा, झुरळ आले तर आत हवा आहे असे समजायचा, हे ती सपाट आवाजात सांगते. कॅमेरा स्थिर राहतो. त्या एका वाक्यात कामही आहे, ज्ञानही आहे, आणि त्या माणसाला तसे ज्ञान मिळवायला लावणारी व्यवस्थाही आहे. कॅमेऱ्याला काजळी फासावी लागली नाही.

आणि शेवटी दोन दगड. 'सॅटर्डे नाइट अँड संडे मॉर्निंग'च्या अखेरीस आर्थर टेकडीवर बसलेला असतो आणि खाली उभ्या राहणाऱ्या नव्या घरांच्या दिशेने दगड भिरकावतो. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'च्या (२०१३) अखेरीस सोमनाथ अवघडे या मुलाने साकारलेला जब्याही दगड भिरकावतो. आर्थरचा दगड त्याच्या पुढ्यातल्या आयुष्यावर जातो, आणि आपण त्याच्या पाठीशी टेकडीवर सुरक्षित बसलेले असतो. जब्याचा दगड थेट आपल्यावर येतो. पहिल्या चित्रपटाने कामगाराला पडद्यावर आणले. दुसऱ्याने प्रेक्षकाला टेकडीवरून खाली खेचले.

आपल्या चित्रपट मंडळाला आणि नाट्य विभागाला माझी म्हणूनच एक विनंती आहे. यंदा वस्तीवर काही लिहाल, बसवाल, दाखवाल, तेव्हा तीन गोष्टी विचारा. हा माणूस दिवसभर काय काम करतो? त्याच्यावर आलेल्या प्रसंगाला नेमके कारण काय? आणि ज्याच्याविषयी हे आहे तो तिसऱ्या रांगेत बसला असेल, तर घरी जाताना पुलावर तो मला काय विचारील?

माझी नवी एकांकिका लिहून व्हायची आहे. तिच्यात बाप दारू पीत नाही. तो इंजिनाचा आवाज ऐकतो. नेपथ्यासाठी काकूची मांडणी मागितली आहे. ती म्हणाली, "नेशील तेव्हा आदल्या दिवशी सांग, घासून देते."